सांगून जावा, बाई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुम्हांला माझ्या सहा आठवड्यांच्या नोकरीची गोष्ट सांगणार आहे. तशी माझी नोकरी बारा वर्षांची. तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. पण त्यातले २०२३ सालचे सहा आठवडे असे काही गेले, की बाकीच्या वर्षांपेक्षा तेच जास्त लक्षात राहिले.

माझा मुलगा १८ जुलै २०२२ ला जन्मला. मला १८० दिवसांची प्रसूती रजा होती. ती संपली १३ जानेवारीला. पंधराला संक्रांत, रविवार. त्या दिवशी बाळाचं बोरन्हाण केलं. हलव्याचे दागिने, काळं झबलं, डोक्यावरून पडणारी बोरं, चुरमुरे आणि ते वेचायला टपलेली गल्लीतली सगळी पोरं. रात्री आईनं हलव्याचे दागिने डब्यात भरून ठेवले आणि मी दुसऱ्या दिवशीची साडी इस्त्री करायला घेतली. इस्त्री करता करता कॉलरचा ब्लाउज बाजूला ठेवला आणि पुढून उघडणारा घेतला. कोणत्या कपड्यात दूध काढणं सोपं जाईल, हा विचार नोकरीच्या संदर्भात मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते.

घरातून निघायचं नऊला. सांगलीहून एसटीनं शाळेत पोचायला तासभर. शाळा सुटायची पाचला आणि घरी यायला सव्वासहा. म्हणजे नऊ तासांहून जास्त. सहा महिन्यांत मी बाळाला दोन तासांवर कधी सोडलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्याची वरच्या अन्नाची सुरुवात होती. नाचणीची पेज, मऊ भात. आई म्हणाली, "तू जा निर्धास्त. तुम्ही तिघं भावंडं कुणी वाढवलीत?" निर्धास्त कसली! निघताना आईनं त्याला स्वयंपाकघरात नेलं, ताट-चमचा वाजवून दाखवला आणि मी चप्पल हातात घेऊन चोरासारखी जिना उतरले.

शाळेत सगळ्यांनी छान स्वागत केलं. तिळगूळ झाला. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, बरं झालं आलात. दहावीचं गणित राहिलंय." बोर्डाची परीक्षा २ मार्चला सुरू होणार होती. माझ्या जागेवर मधल्या काळात दुसऱ्या सरांनी आपले तास सांभाळून जमेल तेवढं शिकवलं होतं. भूमितीत वर्तुळ आणि त्रिकोणमिती बाकी होती, बीजगणितात अंकगणिती श्रेढी अर्धी झालेली. ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि हातात सहा आठवडे.

पहिल्याच दिवशी एक वाजता माझं अंग भरून आलं. ज्या मैत्रिणी यातून गेल्या आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. पदरानं झाकून कसाबसा तास संपवला. शाळेत बायकांसाठी वेगळी खोली नाही. आमच्या शिपाई मावशींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि काही न विचारता प्रयोगशाळेची किल्ली काढली. मी आत, मावशी दाराबाहेर स्टुलावर. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आत अॅसिड सांडलंय." सहा आठवडे त्या प्रयोगशाळेत रोज दीड वाजता अॅसिड सांडत होतं!

काढलेलं दूध बाहेर साधारण चार तास टिकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दीडला काढलेलं घरी पोचेपर्यंत पावणेपाच तास होणार. शाळेत फ्रिज नाही. मी बेसिनकडे निघाले, तेव्हा मावशींनी हात धरला. म्हणाल्या, "मोरीत नगं बाई. झाडाच्या बुडात घाला." पहिला आठवडाभर मी माझ्या लेकराच्या वाटणीचं दूध शाळेमागच्या जास्वंदीला घातलं. नंतर यजमानांनी बर्फाच्या पाकिटांची एक पिशवी आणून दिली आणि तो प्रश्न सुटला. पण ते आठ दिवस मी घरी कुणाला सांगितले नव्हते.

आता मुख्य गोष्ट.

दहावीच्या वर्गात माझा तास पहिला असायचा. एक मुलगी रोज गैरहजर आणि तिसऱ्या तासाला मात्र बाकावर. नववीत ती गणितात बरी होती. चौथ्या दिवशी मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. दहावीचं वर्ष, दीड महिन्यावर परीक्षा, मी एवढ्या लांबून तान्ह्या बाळाला टाकून येते आणि तुला गावातल्या गावात वेळेवर येता येत नाही? हे शेवटचं वाक्य मी बोलले, ते मला आजही टोचतं.

ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, आई शेडवर जाती. आजी शेरडं घिऊन जाती, ती साडेअकराला येती. तवर बाळाला कोन बघनार?"

आमच्या भागात जानेवारी ते एप्रिल हा बेदाण्याचा हंगाम. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळत घालतात, मग निवडायचं काम. बायकांना सकाळी लवकर जावं लागतं. या मुलीचा भाऊ होता आठ महिन्यांचा. माझ्या मुलाहून दोन महिन्यांनी मोठा. तिची आई बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी कामावर गेली होती. हंगामात रोज बुडवला तर वर्षाचा मेळ बसत नाही.

मैत्रिणींनो, मला त्या क्षणी माझ्या १८० दिवसांचा हिशेब आठवला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली १२ आठवड्यांची रजा २०१७ साली २६ आठवडे झाली. कामावर परतलेल्या आईला मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सवड द्यावी, असं त्याच कायद्यात होतं. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, हेही होतं. आमची शाळा तेवढी मोठी नाही, म्हणून मी कुरकुरत होते. पण शेडवर रोजानं जाणाऱ्या बाईला रजा कोण देणार? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात. दुसऱ्या वेळी मुलगी झाली, तरच पुन्हा मदत. हिच्या आईला दुसरा झाला मुलगा. म्हणजे तिची प्रसूती रजा ही माझ्यासमोर उभी असलेली पंधरा वर्षांची मुलगी होती. आईची रजा लेक भोगत होती, माझ्या तासाला गैरहजर राहून.

मी विज्ञानाच्या सरांना तास बदलून मागितला. त्यांनी लगेच दिला. माझा तास मोठ्या सुट्टीनंतर आला. पण तिचं सहा महिन्यांचं मागचं राहिलेलंच होतं. ते भरून काढायचं तर शाळा सुटल्यावर थांबायला हवं. थांबले तर पाचची एसटी चुकणार, पुढची सहा दहाला. घरी पोचायला सव्वासात. घरी माझं बाळ संध्याकाळी सहा वाजल्यापासून जिन्यातला पायरव ऐकत असतं, हे आईनं मला सांगितलेलं.

दोन दिवस मी ठरवू शकले नाही. शेवटी मंगळवार आणि शुक्रवार असे दोन वार काढले. ती एकटी नको म्हणून आणखी चार मुलींना बसवलं. अंकगणिती श्रेढी ती पटकन शिकली, कारण आईच्या रोजाचा आणि उचलीचा हिशेब तीच ठेवायची. भूमिती जड जायची. त्या दोन दिवशी घरी गेले, की बाळ माझ्याकडे यायचं नाही. आईच्या खांद्यावर तोंड फिरवून बसायचं. पाच-दहा मिनिटांनी हळूच बघायचं. त्या पाच-दहा मिनिटांत मला वाटायचं, उद्या राजीनामा द्यावा.

एका शुक्रवारी माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "बाळ रडतं का बाई तुमचं?"

मी सांगितलं, की सकाळी त्याला कळू न देता निघते, तरी दिवसभर किरकिर करतं.

ती अगदी एखाद्या बाईमाणसासारखी म्हणाली, "चोरून जाऊ नका. सांगून जावा. आमची आई पयल्यांदा चोरून जायची, तर त्ये दिसभर दाराकडं बघत बसायचं. आता सांगून जाती. रडतंय, पर थोडंच रडतंय. मग त्येला कळतं, गेली म्हंजी येनार हाय."

दुसऱ्या दिवशी मी बाळाला कडेवर घेतलं, दारापर्यंत नेलं आणि सांगितलं, "आई शाळेत जाते. संध्याकाळी येते." तो रडला. मीही जिन्यात थांबून रडले. पण चौथ्या-पाचव्या दिवशी आईचा फोन आला, "आज तू गेल्यावर दोन मिनिटांत गप्प झाला गं." मुलांना गणित शिकवायला मी बी.एड. केलं. हे मात्र मला दहावीतल्या मुलीनं शिकवलं.

फेब्रुवारी संपत आला. आईला परत जाणं भाग होतं, तिकडे वडील एकटे आणि त्यांची तब्येत नाजूक. सासूबाई नाहीत. २०१८ पासून आपल्या राज्यात शासकीय सेवेतल्या आणि आमच्यासारख्या अनुदानित शाळांतल्या स्त्रियांना पूर्ण नोकरीत मिळून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. मी १ मार्चपासून दोन महिने मागितली. मुख्याध्यापक नाराज झाले. चुकीचं म्हणणार नाही मी. आठवी-नववीचे वर्ग पुन्हा बिनबाईचे होणार होते. स्टाफरूममध्ये एक वाक्य कानावर आलं, "आल्या कशाला मग?" त्याचं उत्तर त्या वेळी मला सुचलं नाही.

शेवटच्या दिवशी ती मुलगी म्हणाली, "बाई, गणिताच्या पेपराला तुमी येनार न्हाई?" मी म्हटलं, बघते. खरं तर तेव्हाच माहीत होतं, की जमणार नाही. बाळाला घेऊन उन्हात केंद्रावर जाणं शक्य नव्हतं. मी गेले नाही. तिनं मला सांगून जायला शिकवलं होतं आणि मी तिला "बघते" म्हणून निघून आले.

२ जूनला निकाल लागला. मावशींनी फोनवर सांगितलं, ती पास झाली, गणितात ५८. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दाखला न्यायला आली, तेव्हा मी तिची माफी मागितली. तिला बहुधा कशाची माफी ते कळलं नाही. म्हणाली, "बाई, भाऊ उबारायला लागलाय." अकरावीला नाव घातलं का, हे मी विचारलं. घातलं होतं. सकाळचं कॉलेज होतं. सकाळी बाळाला कोण बघणार, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही.

"आल्या कशाला मग?" याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. सहा आठवडे थोडे असतात, पण सहा आठवडे असतात. त्यात एक प्रकरण पुरं होतं, एक तास बदलून घेता येतो. आणि माझ्या बाळासाठी मी थांबले, यात मला आता लाज वाटत नाही. वाटते ती एवढ्याचीच, की थांबण्याची सोय मला होती आणि शेडवरच्या त्या माउलीला नव्हती.

तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत अशी एखादी मुलगी असेल, रोज उशिरा शाळेत जाणारी. तिला रागावण्याआधी, घरी पाळण्यात कोण आहे, एवढं विचाराल?