सहा चौकटींची गोष्ट
(विहाराच्या वर्धापनदिनी बालवर्गाच्या वतीने केलेले भाषण)



समितीने आम्हाला सांगितलं की बालवर्गात काय चालतं ते चार शब्दांत सांगा. आम्ही काही मोठे वक्ते नाही. दर रविवारी वंदना झाल्यावर तास-दीड तास मुलांना घेऊन बसतो, एवढंच आमचं काम. त्यातली एकच गोष्ट आज सांगणार आहोत. ती घरी जाऊन कोणालाही करता येईल, आणि तिला खर्च नाही.

सुरुवातीला आम्ही मुलांना सांगायचो, "गोष्ट लिहा." मुलं वहीकडे बघत बसायची. "ताई, काय लिवू? मला काय सुचंना." हीच मुलं पाच मिनिटांनी अंगणात गेली की कुत्रं कसं मागं लागलं, कोण झाडावर चढलं, कोण पडलं, हे हातवारे करून रंगवून सांगायची. म्हणजे गोष्ट मुलांपाशी होतीच. कागदावर आधी काय मांडायचं आणि नंतर काय, इथं त्यांचं अडत होतं. त्यात आम्ही लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचो. मग तर बोलणंच बंद.

म्हणून आम्ही लिहिणं थोडं मागं ठेवलं आणि आधी चित्रं काढायला लावली. सिनेमावाले याला स्टोरीबोर्ड म्हणतात. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' (१९५५) करण्याआधी त्यातले प्रसंग एकामागून एक चित्रांत काढून ठेवले होते. आम्ही याला साधं नाव दिलं, चौकटीची गोष्ट.

आपल्याला हे परकं नाही. अजिंठ्याला ज्यांनी सहल केली त्यांनी १७ क्रमांकाच्या लेण्यात वेस्संतर जातक पाहिलं असेल. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो. इथं निरोप घेतोय, तिथं रथातून निघालाय. मध्ये खांब, दार, झाड आलं की समजायचं, प्रसंग बदलला. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही बोट ठेवून ती गोष्ट सांगता यावी, अशी ती मांडणी आहे.

आता कृती सांगतो. पाठकोरा कागद घ्यायचा, जुन्या कॅलेंडरचं पान चालतं. मधोमध एकदा दुमडायचा, मग आडवे तीन भाग करायचे. उलगडला की सहा चौकटी होतात. पहिलीत कोण आणि कुठे. दुसरीत त्याला काय हवंय. तिसरीत अडचण काय आली. चौथीत त्यानं काय केलं. पाचवीत काय बिघडलं किंवा काय फिरलं. सहावीत शेवट. काड्यांची माणसं काढायची. एका चौकटीला दोन मिनिटं, जास्त नाही. खोडरबर पिशवीत. मग मुलानं प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून गोष्ट तोंडी सांगायची. आपण फक्त दोन प्रश्न विचारायचे, "मग काय झालं?" आणि "त्यानं असं का केलं?" सांगून झालं की प्रत्येक चौकटीखाली एक ओळ लिहायची. वहीतली पूर्ण गोष्ट त्यानंतर, आणि शुद्धलेखन सगळ्यात शेवटी.

यात आमची एक मोठी चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही उत्कृष्ट चित्राला बक्षीस ठेवलं. ज्यांचा हात चांगला त्यांनी रंगपेट्या आणल्या, डोंगर-सूर्य रंगवण्यातच तास गेला, आणि ज्यांना चित्र येत नव्हतं ती दोन-तीन मुलं पुढच्या रविवारी आलीच नाहीत. त्यांच्या घरी जाऊन आणावी लागली. तेव्हापासून बक्षीस बंद, रंगही बंद. फक्त पेन्सिल. चित्र कसं आहे ते बघायचं नाही, चित्र काय सांगतंय ते बघायचं.

एकदा आम्ही मुलांना आपल्या जिल्ह्यातली खरी घटना दिली. १९०१ च्या सुमाराची. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, साताऱ्याला राहणारे. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत या, असा त्यांचा निरोप आला. बाबासाहेब, थोरला भाऊ आणि भाचा नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून आगगाडीनं मसूरला उतरले. न्यायला कोणीच आलं नव्हतं. ही मुलं कोण आहेत हे कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान चालत येणार. रात्र पडली. शिदोरी होती, पण प्यायला पाणी नव्हतं. जकातनाक्यावर मुसलमान आहोत असं सांगूनसुद्धा पाणी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी ती पोचली, तेव्हा कळलं की वडिलांच्या नोकरानं पत्र त्यांना दिलंच नव्हतं. हे सारं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते पुस्तिकेच्या रूपात काढलं.

मुलांनी चौकटी काढल्या. मग कात्रीनं कापून सतरंजीवर मांडल्या. एका मुलीनं न दिलेल्या पत्राची चौकट सगळ्यात पहिली ठेवली. शेजारचा मुलगा म्हणाला, "ती शेवटी पायजे." दोघांचं भांडण जुंपलं. आम्ही म्हटलं, दोन्ही तऱ्हेनं सांगून बघा. पत्र आधी ठेवलं तर आपल्याला ठाऊक असतं की स्टेशनवर कोणी येणार नाही, आणि नव्या टोप्या घालून निघालेली ती पोरं बघून जीव खाली-वर होतो. पत्र शेवटी ठेवलं तर आपणही त्यांच्याबरोबर फलाटावर वाट बघत बसतो. बाबासाहेबांनी पत्राची गोष्ट शेवटीच सांगितली आहे. घटना एकच, पण चौकट हलली की ऐकणाऱ्याचं मन हललं. हे आम्ही फळ्यावर लिहून शिकवलं असतं तर कोणाच्या लक्षात राहिलं नसतं. सतरंजीवर भांडून ते कायमचं कळलं.

दुसऱ्या एका मुलाची पाचवी चौकट जवळजवळ कोरी होती. मधोमध उपडा तांब्या, बाकी काही नाही. आम्हाला वाटलं राहून गेली. तो म्हणाला, "तहान कशी काढायची? म्हणून पाणीच काढलं न्हाई." त्यावर आम्ही काय बोलणार!

मंडळी, आता ज्यासाठी उभे राहिलो ते सांगतो. त्या रविवारनंतर एक मुलगी घरी गेली आणि तिनं आजीला विचारलं, "आज्जे, तुझी पण अशी गोष्ट हाय का?" आजी आधी म्हणाली, माझी कसली गोष्ट. मग बोलू लागली. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायचं काम, मुलांना मिळणारी सुकडी, पाठीशी बांधलेलं तान्हं पोर. नातीनं ते सहा चौकटींत काढलं आणि आजीला दाखवलं. आजीला अक्षरओळख नाही. पण तिनं चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हितं मी रडत नव्हते गं. हितं आम्ही बाया हसत होतो. मुकादमाची टोपी वाऱ्यानं उडाली हुती." नातीनं खोडलं आणि पुन्हा काढलं. खोडरबर वापरायची परवानगी आम्ही त्या एकदाच दिली.

विचार करा. ज्या बाईला वाचता येत नाही, तिनं स्वतःच्या गोष्टीचं मुद्रितशोधन केलं. नुसतं लिहिलं असतं तर नातीनं तिला रडतच ठेवलं असतं, आणि आजीला ते कधी कळलंही नसतं. आपल्या घराघरांत अशी माणसं आहेत. त्यांच्या गोष्टी कोणत्या दप्तरात नोंदलेल्या नाहीत. ती गेली की गोष्टही जाते. मग उद्या आपल्याबद्दल दुसरा कोणी लिहील, आणि तो आपल्याला एक तर रडताना दाखवील, नाही तर दाखवणारच नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी याच साताऱ्यात, राजवाड्यावरच्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आमची प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे की वर्षावासाच्या तीन महिन्यांत एका संध्याकाळी टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवा, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ मुलाला बसवा, आणि सहा चौकटी भरून घ्या. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. मात्र ज्यांची गोष्ट आहे त्यांना ती दाखवल्याशिवाय कागद घडी करू नका. येत्या ७ नोव्हेंबरला ते सगळे कागद विहाराच्या भिंतीवर लावू, आणि मुलं बोट ठेवून वाचून दाखवतील.

आमच्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. इथंच थांबतो.

नमो बुद्धाय! जय भीम!