मतभेद असावेत, मनभेद नसावेत



मुलीला कॉलेजात धाडावे की नाही, असा प्रश्न मोहल्ल्याच्या बैठकीत निघाला की थोड्याच वेळात तो बाजूला पडतो आणि बोलणाऱ्याच्या ईमानाचीच तपासणी सुरू होते. बैठक मोडते. मुलगी घरीच राहते.

याउलट एक उदाहरण सांगतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा होय, असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यता रवींद्रनाथ टागोरांनाही अमान्यच होती. परंतु भूकंपाचे असे कारण सांगणे त्यांना अशास्त्रीय वाटले. त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. गांधीजींनी तो आक्षेप आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापला व सोबत आपले उत्तर दिले. दोघांनीही आपले मत सोडले नाही. पण स्नेहही तुटला नाही. पुढे १९४० साली विश्वभारतीला आपल्या छत्राखाली घ्यावे, अशी विनंती टागोरांनी गांधीजींनाच केली.

तेव्हा सभ्यता म्हणजे गप्प बसणे नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकावे, त्याची मोडतोड करू नये आणि मग आपले निर्भीडपणे सांगावे, ही सभ्यता.

विद्यार्थी मित्रांनो, वक्तृत्व स्पर्धेत हे जरूर शिका. पण पालकहो, पहिला धडा घरातच मिळतो. आज रात्री जेवताना मुलीला विचारा, “बेटी, तुझे म्हणणे काय?” आणि तिचे बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका.