गेमचं संगीत कुणाचं?

व्हिडिओ गेममध्ये शत्रू जवळ आला की ढोल चढत जातो आणि तो मागे फिरला की नुसती बासरी उरते. त्यासाठी संगीतकार हे थर सुटे सुटे रचून देतो. पुढे त्यांचं काय होणार, हे करारातली एक ओळ ठरवते: ‘सर्व हक्क कायमचे हस्तांतरित’. माझ्या मते तिथे हक्क विकण्याऐवजी परवाना द्यावा. सिनेमासंगीताने याची किंमत मोजली आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला देऊन संगीत करून घेणाऱ्या निर्मात्यालाच त्याचा पहिला मालक ठरवलं. रॉयल्टीला कायद्याचं संरक्षण मिळायला २०१२ची दुरुस्ती यावी लागली, आणि तिच्यातही नावाने उल्लेख आहे तो सिनेमाचा आणि ध्वनिमुद्रणाचा, गेमचा नाही.

कंपन्या म्हणतात, उद्या संगीतकाराने अडवलं तर एवढ्या खर्चाचा गेम बंद पडेल. भीती खरी आहे. पण त्या गेमपुरता, त्याच्या जाहिरातींसह, कायमचा अनन्य परवाना लिहून दिला की ती उरत नाही, आणि अल्बम, मैफल, स्ट्रीमिंगचे हक्क संगीतकाराकडे राहतात. त्यांना मोल आहेच. २०२३पासून ग्रॅमीत गेमसंगीताला स्वतंत्र पारितोषिक आहे. पगारी नोकरीतल्यांची गोष्ट निराळी, तिथे वेगळा करार नसेल तर मालक कंपनीच. हस्तांतरण करावंच लागलं, तर मुदत आणि प्रदेश यांचे रकाने आधी वाचावेत. मुदत लिहिलेली नसेल तर आपला कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत.