हॅम रेडिओ: आधी ऐकायला शिका



२६ डिसेंबर २००४ रोजी अंदमानात त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. जगभरच्या हौशी रेडिओचालकांशी, म्हणजे हॅम मंडळींशी, तिथून संपर्क साधायला त्या गेल्या होत्या. बेटांवरचे फोन बंद पडले आणि त्यांच्या संचावरून माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली.

असा संच चालवायचा तर सरकारी परवाना हवा. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम, एवढाच अभ्यास. परवान्याच्या ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स, म्हणजे बिंदू-रेषांची संकेतलिपी, लागत नाही. ‘जनरल’साठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं मोर्स घेता आणि पाठवता आलं पाहिजे. पुस्तक वाचून पास होता येईल, पण हॅम व्हायचं तर क्लबची पायरी चढा, असं मी आवर्जून सांगेन.

तिथे नवख्याच्या हाती लगेच माइक देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आधी जुन्या जाणत्यांशेजारी बसून ४० मीटरचा बँड, म्हणजे त्या लहरींचा पट्टा, ऐकायचा. खरखरीतून एक क्षीण आवाज आपला कॉलसाइन, म्हणजे सांकेतिक ओळख, सांगताना ‘व्हिक्टर युनिफॉर्म टू’ म्हणतो, आणि पुढची अक्षरं पकडायला कान टवकारावे लागतात. मोर्सही कानानंच शिकायचा. ‘सी’ म्हणजे डा-डिट-डा-डिट. बिंदू-रेषा मोजत बसलात की पुढचं अक्षर निसटलंच!

मग अँटेना. याच बँडसाठी गच्चीवर तांब्याची तार ताणतात, मधल्या जोडापासून दोन्ही बाजूंना सुमारे दहा-दहा मीटर. ती मुद्दाम जरा लांब ठेवायची, मग अँटेना जुळली का ते दाखवणारा मीटर बघत दोन्ही टोकांकडून बोटभर बोटभर छाटायची. हा हात पुस्तकातून येत नाही. शेजारी कुणीतरी ‘थांब, आता बास’ म्हणणारं लागतं.

एक कळकळीची विनंती. स्वस्त हँडसेट मागवून परवान्याविना बोलायला लागू नका. तो गुन्हा आहे, शिवाय त्याच लहरींवर कुणाचा मदतीचा निरोप चालू असू शकतो.

मुंबई-पुण्यात असे क्लब आहेत. पुढची परीक्षा कधी, अर्ज कसा भरायचा, हे तिथली मंडळी हौसेनं सांगतात. जाताना एक वही न्या. कानावर आलेला प्रत्येक कॉलसाइन, वेळ आणि फ्रिक्वेन्सी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.