आधी गळती, मग चित्र

बसमध्ये, लोकलमध्ये ऐकत असाल तर खिडकीबाहेरच्या इमारतींकडे जरा बघा. आज गप्पा भिंतींबद्दल आहेत.

मी मुंबईतल्या एका जुन्या वसाहतीत वाढले. कमी उत्पन्नवाल्यांसाठी बांधलेल्या चार मजली इमारती. मागच्या वर्षी आम्ही काही पोरापोरींनी ठरवलं, बाजूच्या कोऱ्या भिंतींवर मोठ्ठी चित्रं काढून घ्यायची. मीटिंगमध्ये मी सगळ्यांना फोनवर फोटो दाखवत होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "छान आहे गं. पण त्याच भिंतीला आतून माझा पलंग लागलाय. पावसाळ्यात ओल येते म्हणून तो मी खोलीच्या मधोमध ओढते. त्याचं काय?"

खरं सांगते, मला राग आला. घरी येऊन शोधत बसले, हे कुठे नीट जमलंय का? सापडलं फ्रान्समधलं लिऑन शहर.

तिथे टोनी गार्निए या वास्तुकाराने आखलेली, १९२० आणि ३०च्या दशकांत उभी राहिलेली स्वस्त भाड्याच्या घरांची वसाहत आहे. ऊन, वारा, झाडं प्रत्येकाच्या वाट्याला यावीत, असं त्याचं स्वप्न. पण पन्नासेक वर्षांत इमारती काळवंडल्या. १९८०च्या दशकात नूतनीकरण निघालं, तेव्हा गार्निएचं काम भिंतींवर यावं ही कल्पना भाडेकरूंच्या समितीने उचलून धरली. 'सिते क्रेआसिओं' या तिथल्याच चित्रकारांच्या गटाने काम घेतलं. बिनखिडकीच्या बाजूच्या भिंती, एकेक सुमारे २३० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ अडीच हजार चौरस फुटांचं एक चित्र! अशी पंचवीसेक झाली. गार्निएने कागदावर रेखाटलेलं आदर्श शहर त्याच्याच इमारतींवर आलं.

आता गंमत ऐका. आदर्श शहर कसं असावं, हे चितारायला वेगवेगळ्या देशांतले सहा कलाकारही बोलावले होते. भारतातून कोण? आपले वारली चित्रकार शांताराम तुंबडा! आपल्याकडे कुडाच्या भिंतीवर निघणारी चित्रं तिथे कामगार वस्तीच्या पाच मजली भिंतीवर चढली.

आज ती वसाहत म्हणजे उघड्यावरचं संग्रहालय आहे. पर्यटक येतात, पण घरांत अजून भाडेकरूच राहतात. मला हे फार मोठं वाटतं. रंग लागला म्हणून माणसं हलवली नाहीत.

मग मला काकूंचं म्हणणं कळलं. लिऑनमध्ये चित्र दुरुस्ती झाकायला आलं नव्हतं, दुरुस्तीच्या सोबतीने आलं होतं. आणि काय रंगवायचं, यात राहणाऱ्यांचा शब्द होता. आम्ही मात्र कोणाला न विचारता फोटो घेऊन पोचलो होतो.

पुढच्या मीटिंगला आम्ही क्रम बदलला. पहिल्या पानावर गळती, प्लास्टर, पाइप. चित्र शेवटच्या पानावर. वर्गणी अजून पुरेशी जमलेली नाही, भिंत कोरीच आहे. पण एका बाजूचं वॉटरप्रूफिंग झालं आणि या पावसाळ्यात काकूंचा पलंग जागचा हलला नाही.

परवा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "काय गं, चित्राचं कुठवर आलं? त्यात आपला जुना पाण्याचा नळ घ्या हां, सगळी भांडणं तिथेच झालीत."

तुमच्या इमारतीच्या भिंतीवर काय असायला हवं? आधी शेजाऱ्यांना विचारा, मग मला कळवा. भेटू पुढच्या भागात!