मंदीच्या काळातील पेठ

पेठ वसविणे हा आपल्याकडे एके काळी राज्यकारभाराचाच एक भाग होता. पेशवाईत नवी पेठ उभी करावयाची ठरली, की शेटे-महाजनांना कौल दिला जाई. येऊन दुकान मांडणाऱ्यास काही वर्षे करमाफी, जकातीत सूट, घर बांधावयास जागा, असे त्या कौलाचे साधारण स्वरूप असे. पेठ भरली म्हणजे सरकारचे उत्पन्न वाढेल, हा त्यामागील हिशेब. त्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. कौल घेऊन येणारा वाणी किंवा सराफ त्याच पेठेत बिऱ्हाड करणार, त्याची मुलेबाळे तेथेच वाढणार. माफीची मुदत संपली म्हणून तो दुकानाला टाळे लावून उठून जाणार नाही.

आजची शहरेही व्यापाऱ्यांना कौल देतात. त्यातही मध्यम आकाराच्या शहरांना उंची मालाच्या दुकानांची विशेष ओढ असते. रेशमी वस्त्रे, जवाहीर, अत्तरे आणि घड्याळे विकणारे एखादे नामांकित दुकान आपल्या मुख्य रस्त्यावर आले, की आपले शहर मोठ्या शहरांच्या पंक्तीला बसले, असे कारभाऱ्यांना वाटते. ही केवळ हौस नसते. अमेरिकेतील अनेक राज्यांत नगरपालिकेचे उत्पन्न बऱ्याच अंशी विक्रीकरावर अवलंबून असते. ग्राहक खरेदीसाठी शेजारच्या गावी जाऊ लागला, की त्याच्याबरोबर शहराचा पैसाही जातो. मंदी आली म्हणजे ही काळजी दुणावते. गिऱ्हाईक हात आखडते, मुख्य रस्त्यावरचे गाळे रिकामे पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी मोठ्या कंपन्या नव्या शाखा उघडण्याचे थांबवितात. मग शहर कौल वाढविते : आणखी अनुदान, आणखी करमाफी. हा कौल कितपत फळतो, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील दोन शहरांचा अनुभव उपयोगी पडण्यासारखा आहे. एक पिट्सबर्ग आणि दुसरे कॅन्सस सिटी.

अशा कंपन्या शहराची निवड कशी करतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. शहराची एकूण लोकसंख्या त्यांच्या दृष्टीने फारशी महत्त्वाची नसते. ठराविक उत्पन्नाची कुटुंबे किती, ती दुकानापासून मोटारीने किती मिनिटांवर राहतात, आणि शेजारचे गाळे कोणाकडे आहेत, एवढे तीन प्रश्न त्या विचारतात. उंची दुकान एकटे येत नाही. सराफकट्ट्यावर एका पेढीशेजारी दुसरी पेढी बसते, तसाच हा प्रकार. पहिले दुकान आले की दुसरे येण्याचा विचार करते. आणि पहिले गेले की दुसऱ्याचाही पाय निघतो. म्हणूनच पहिल्या दुकानासाठी शहरे वाटेल ती किंमत मोजावयास तयार होतात.

पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. १९५० साली तेथे सुमारे पावणेसात लाख वस्ती होती. पोलादाचा धंदा बसला, माणसे पांगली आणि २००० साली ती वस्ती सव्वातीन लाखांच्या थोडी वर राहिली. लोक उपनगरांत गेले व खरेदीही तिकडेच गेली. १९९४ साली महापौर झालेल्या टॉम मर्फी यांनी शहराचा मध्यभाग पुन्हा गजबजता करण्याचा चंग बांधला. सार्वजनिक पैशाचे साहाय्य देऊन १९९८ साली त्यांनी लाझारस या कंपनीचे मोठे दुकान आणविले. पाठोपाठ १८२६ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या लॉर्ड अँड टेलर या जुन्या व प्रतिष्ठित कंपनीला पाचारण केले. मेलन बँकेची १९२४ सालची भव्य इमारत तिच्यासाठी निवडण्यात आली. जुन्या वास्तूंविषयी आस्था बाळगणाऱ्यांनी हरकत घेतली, तरी बँकेचे ते दालन मोडून तेथे दुकान थाटण्यात आले.

या दोहोंहून मोठा बेत निराळाच होता. फिफ्थ आणि फोर्ब्स या दोन रस्त्यांवरील साठाहून अधिक जुन्या इमारती पाडावयाच्या व तेथे नवी बाजारपेठ उभारावयाची, अशी योजना १९९९ साली पुढे आली. नॉर्डस्ट्रॉम हे नामांकित दुकान तिचा कणा व्हावयाचे होते. त्या इमारतींतून लहान दुकानदार वर्षानुवर्षे धंदा करीत होते. टोप्या विकणारे, केस कापणारे, स्वस्त दागिने विकणारे असे हे लोक. आपल्या गिऱ्हाइकाचे नाव ठाऊक असणारे. त्यांनी विरोध केला. वाद वर्षभर चालला आणि अखेर २००० सालच्या नोव्हेंबरात नॉर्डस्ट्रॉमने माघार घेतली. कणाच गेल्यावर योजना बारगळली.

लॉर्ड अँड टेलरचे दुकान २००१ साली उघडले. त्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली. ही कंपनी मे या मोठ्या व्यापारी संस्थेच्या मालकीची होती आणि पिट्सबर्गमधील कॉफमन हे जुने दुकानही त्याच संस्थेचे होते. २००३ साली मे कंपनीने देशभरातील लॉर्ड अँड टेलरची ३२ दुकाने बंद करण्याचे ठरविले व त्या यादीत पिट्सबर्गचे नाव आले. २००४ साली ते दुकान बंद झाले; लाझारसही त्याच वर्षी बंद झाले. याच सुमारास, २००३ सालच्या अखेरीस, पिट्सबर्ग शहर आर्थिक संकटात असल्याचे राज्याने अधिकृतपणे जाहीर केले होते. शहराच्या संकटाचे कारण ही दोन दुकाने होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या संकटाची मुळे खोल होती. परंतु ज्या घरात पैशाची चणचण आहे, त्या घराने पाहुण्यासाठी केलेला खर्च अधिक बोचतो, हेही तितकेच खरे. पाहुणा तीन वर्षांत निघून गेला. कॉफमनचे दुकान मात्र १८७१ पासून शहरात होते. नाव बदलून का होईना, ते त्याच जागी २०१५ पर्यंत टिकले. त्याच्या कोपऱ्यावरील घड्याळाखाली भेटण्याची पिट्सबर्गच्या कित्येक पिढ्यांची रीत होती.

कॅन्सस सिटीची हकीकत याहून जुनी आहे. १९२२ साली जे. सी. निकोल्स या जमीन विकसित करणाऱ्या गृहस्थाने शहराच्या मध्यभागापासून काही मैल दूर, ब्रश क्रीक नावाच्या ओढ्याकाठच्या सखल जमिनीवर बाजारपेठ बांधण्याचा बेत जाहीर केला. लोकांनी त्याला निकोल्सचा खुळेपणा म्हणून हिणविले. वास्तुशिल्पी एडवर्ड डेल्क यांनी स्पेनमधील सेव्हिल शहराच्या धर्तीवर आराखडा केला, आणि १९२३ साली पहिली इमारत उघडली. तिचे नाव कंट्री क्लब प्लाझा. मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मुद्दाम योजिलेल्या आरंभीच्या बाजारपेठांत तिची गणना होते.

निकोल्स यांच्या दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली भाड्याची. गाळ्याचे भाडे दुकानदाराच्या विक्रीच्या प्रमाणात घ्यावे, ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. विक्री वाढली तर मालकाचे भाडे वाढते. मंदी आली तर भाडे आपोआप उतरते आणि दुकानदाराला तग धरता येतो. दुकानदार बुडाला तर मालकही बुडतो, हे अशा भाडेपट्ट्यात लिहिल्यावाचूनच लिहिलेले असते. दुसरी गोष्ट सबुरीची. आरंभी या पेठेत उंची दुकाने नव्हती. किराणा, औषधे, न्हावी, अशी रोजच्या गरजेची दुकाने होती. १९२५ साली नाताळच्या सुमारास एका इमारतीवर दिव्यांची एकच माळ लावली गेली. त्यातून वाढत गेलेली रोषणाई पाहण्यास आजही दरवर्षी माणसांचे थवे लोटतात. १९२९ नंतरच्या महामंदीतही पेठ उभी राहिली. जगप्रसिद्ध नावांची दुकाने तेथे आली ती कितीतरी दशकांनंतर, लोकांना त्या रस्त्यांवर फिरावयाची सवय लागल्यावर.

या चित्राला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. पेठेला लागून निकोल्स यांनी ज्या वसाहती उभारल्या, त्यांच्या खरेदीखतांतच कृष्णवर्णीयांना घर विकावयाचे नाही वा भाड्याने द्यावयाचे नाही, असे कलम असे. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कलमांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निर्णय दिला. परंतु तोवर शहर दुभंगले होते. ट्रूस्ट नावाचा एक रस्ता या दोन भागांमधील सीमारेषा म्हणून ओळखला जाऊ लागला. कंपन्या आजही ज्या सधन कुटुंबांची मोजदाद करतात, ती एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ असावीत, ही काही निसर्गाची करणी नव्हे. २०२० साली प्लाझाजवळच्या कारंज्यावरून व रस्त्यावरून निकोल्स यांचे नाव काढण्यात आले. पेठ त्यांनी बांधली, हे खरे. आणि तिच्या शेजारी कोणी राहावयाचे नाही हेही त्यांनीच ठरविले होते, हेही खरे.

पुढे पेठेची मालकी गावाबाहेर गेली. १९९८ साली ती एका बाहेरच्या कंपनीने घेतली आणि २०१६ साली दोन मोठ्या बाजारकंपन्यांनी मिळून ६६ कोटी डॉलरना विकत घेतली. २०१८ साली मोठी वार्ता आली : नॉर्डस्ट्रॉम प्लाझात येणार. ते येणार होते मात्र काही मैलांवरच्या ओव्हरलँड पार्क या उपनगरातून. उपनगर कॅन्सस राज्यात, शहर मिसुरी राज्यात. म्हणजे त्या परिसरातील ग्राहकाला नवे काहीच मिळणार नव्हते. दुकान सरहद्द ओलांडणार, एवढेच. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी सवलती देऊन उद्योग एकमेकांकडून पळविण्याचा हा खेळ इतका खर्चिक झाला होता, की २०१९ साली दोन्ही राज्यांनी त्यावर तह केला. त्यानंतर करोनाची साथ आली, व्यापार थंडावला, आणि २०२२ साली नॉर्डस्ट्रॉमने येण्याचा बेत रद्द केला. २०२३ साली प्लाझाच्या मालकांचे कर्ज थकले. २०२४ साली ही पेठ सुमारे साडेसतरा कोटी डॉलरना विकली गेली, म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या किमतीच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाला.

ती घेणारे लोक डॅलस शहराजवळील हायलंड पार्क व्हिलेज या बाजारपेठेचे मालक होत. प्लाझाच्या पाठोपाठ, स्पॅनिश वळणावरच बांधलेली ही पेठ १९३१ साली, महामंदीच्या ऐन भरात उघडली. ती एकदम उभी राहिली नाही. जसजसे गिऱ्हाईक वाढले, तसतशी एकेक इमारत चढत गेली आणि पुरी व्हावयास सुमारे वीस वर्षे लागली. आज तेथे शनेल, हर्मेससारखी नावे आहेत. विद्यमान मालकांनी ती २००९ साली घेतली. तेही वर्ष मंदीचेच होते.

या हकीकतींचा अर्थ असा नव्हे, की शहराने व्यापाऱ्याला काहीच देऊ नये. रस्ता, दिवाबत्ती, स्वच्छता, सुरक्षितता आणि मोटारी उभ्या करावयास जागा, हे शहराचे कर्तव्यच आहे. आणि ते केल्यास दुकान निघून गेले तरी ते सारे शहराजवळ राहते. एका कंपनीच्या हाती ठेवलेले अनुदान तसे राहत नाही. मंदीत मालकाने भाडे विक्रीशी बांधून घेतले, तर जुना दुकानदार टिकतो; आणि टिकलेले जुने दुकानदार हेच नव्या दुकानाला रस्त्याचे खरे प्रशस्तिपत्र असते. अनुदान द्यावयाचेच झाले, तर मुदतीपूर्वी दुकान बंद केल्यास रक्कम परत करावी लागेल, असे करारात लिहून घ्यावे. आणि जे दुकान येत आहे ते नवा व्यापार आणीत आहे, की शेजारच्या गावचा उचलून आणीत आहे, हे आधी तपासावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ट्रूस्टच्या पलीकडे राहणारी कुटुंबे सुस्थितीत आली, तर कंपन्यांच्या मोजणीत शहराची पत आपोआप वाढते. शाळा, नोकरी आणि घर यांवर केलेला तो खर्च दुकानाच्या अनुदानाइतका डोळ्यांत भरत नाही; त्याला पिढी लागते.

जुन्या कौलात व्यापाऱ्याला मिळणारी माफी मुदतीची असे, आणि पेठेत राहण्याचे त्याचे बंधन मात्र मुदतीचे नसे. आजचे शहर कौल देताना एवढीच एक अट पुन्हा आठवील, तर मंदीनंतरही त्याच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी दिवे लागलेले असतील.