कवडीची किंमत
(गंगापूर रोड, नाशिक येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



एका मुलाच्या चुकलेल्या उत्तरावर मी एकदा रागाने म्हणालो, "याला कवडीचीही किंमत नाही." दुसऱ्या दिवशी आजीच्या परडीतील कवडी घेऊन तो आला आणि म्हणाला, "गुरुजी, हिची किंमत तरी किती होती?" मी निरुत्तर झालो.

त्याचे उत्तर भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'लीलावती'त देऊन ठेविले आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म; अर्थात एका द्रम्मास १२८० कवड्या. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ स्थापिला. त्याचा शिलालेख शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावनजीक पाटण येथे आहे. गुणाकाराचा याहून जिवंत पाठ कोठे मिळणार?

परंतु कवडी मुळात नाणे नव्हे. ते एका लहान समुद्री गोगलगाईचे कवच होय. ही गोगलगाय उष्ण समुद्रातील प्रवाळांच्या उथळ पाण्यात राहते व शेवाळ खाते. तिच्या अंगाचा मऊ पडदा दोन्ही बाजूंनी कवचावर पसरतो, म्हणूनच कवच असे गुळगुळीत व चकचकीत राहते. लहानपणी कवचाची कड पातळ असते. वाढ पुरी होताना ती आत वळते व तिच्यावर दातेरी रेषा उमटतात.

मालदीव बेटांवर ही कवडी गोळा करीत. मांस कुजून कवच रिकामे झाले की ती गलबतांतून बंगालकडे जाई आणि मोबदल्यात तांदूळ येई. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने हा व्यापार पाहिला. कवडी टणक असते, सहज मोजता येते आणि तिची नक्कल करणे कठीण; म्हणून ती चलन झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीसही सिल्हेटचा सरकारी महसूल कवड्यांत जमा होत असे.

बंधुभगिनींनो, गोंधळ्याच्या गळ्यातील माळ व सारीपाटावरील कवड्या मुलांनी पाहिलेल्या असतात. त्यांपैकी एक वर्गात आणा. मुलांना ती हाताळू द्या, मोजू द्या. सहलीस समुद्रकिनारी गेलात तर जिवंत प्राण्याचे कवच उचलू नये, हेही सांगा.

त्या मुलाला मी नंतर सारा हिशेब समजावून दिला. तेव्हापासून कोणत्याही मुलाच्या उत्तरास कवडीमोल म्हणण्याचे मी सोडले आहे.